आर.ई.एम. : ड्रमर गेला तेव्हाच दुकान बंद करायला हवं होतं का?

कातरवेळ (रवि., रात्री ९.१०)

माळा आवरताना कॅसेटींचं खोकं सापडलं. निम्म्यांना बुरशी आलेली, पण आर.ई.एम. या बँडची ‘आउट ऑफ टाइम’ अजून वाजते. ती ऐकता ऐकता एक जुनं भांडण डोक्यात परत सुरू झालं. मित्राशी गेली पंचवीस वर्षं घालतोय, आता तुमच्यापुढे टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १९८० मध्ये चौघं एकत्र आले आणि आर.ई.एम. हा रॉक बँड झाला : गायक मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बासवर माइक मिल्स आणि ड्रमवर बिल बेरी. पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० ला, कुणाच्या तरी वाढदिवसाला, एका जुन्या चर्चमध्ये. पुढे १९९१ मध्ये जगभर नाव झालं. १ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कार्यक्रम चालू असतानाच बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला, परत वाजवायलाही लागला. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये म्हणाला की बास, आता मी शेती करणार. आणि खरंच अथेन्सजवळ शेतात गवताचं पीक घेत राहिला.

उरलेले तिघं २०११ पर्यंत चालू राहिले. माझं म्हणणं, ते चुकलं. बेरी गेला तिथेच थांबले असते तर आज नुसतं नाव काढलं तरी अंगावर काटा आला असता. पटतंय का?

बिनकामाचा बाजीराव (९.२२)

खुर्ची टाकून बसलो आहे. चहा सांगितला आहे.

मालवणी मसालो (९.३१)

ह्या काय आसा ता म्हाका ठाऊक नाय, पण वाचतंय. ड्रम सोडून शेती करूक गेलो म्हणजे माणूस शाणो दिसता.

ढोलताशा (९.४८)

अजिबात पटत नाही. ड्रमर गेला म्हणून बँड संपतो असं म्हणायला मला तर आवडलंच असतं (मी स्वतः ढोलताशा पथकात टोल वाजवतो), पण तसं नसतं. आमच्या पथकात दर वर्षी दहा-पंधरा वादक बदलतात, पथक तेच राहतं.

पेरूची फोड (१०.१५)

@ढोलताशा, पथकात ऐंशी जण असतात हो. चार जणांच्या बँडमधला एक जाणं म्हणजे पालखीचा एक भोई जाणं.

मी अटलांटाला राहते, अथेन्स इथून सव्वा-दीड तासावर. नवऱ्याच्या हट्टापायी दोनदा ‘तीर्थयात्रा’ झाली आहे. धागाकर्त्यांनी म्हटलंय ते चर्च आता नाही, पाडलं. फक्त शिखर उभं आहे, इमारतीशिवाय, आणि भोवती राहायची घरं. आपल्याकडे देऊळ पाडून नुसता कळस जमिनीवर ठेवला तर कसं दिसेल, तसं. नवऱ्याने तिथे पंचवीस फोटो काढले. मी गाडीत एसी लावून बसले होते.

पण एका गोष्टीने मलाही मजा आली. तिथे वीव्हर डीज नावाचं साधंसं खानावळवजा हॉटेल आहे. मालक ऑर्डर घेतली की ‘ऑटोमॅटिक!’ म्हणायचा आणि पाटीवर लिहिलेलं ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. यांनी १९९२ च्या अल्बमला तेच नाव दिलं, मालकाला विचारून. म्हणजे उद्या एखाद्या पुणेरी बँडने अल्बमचं नाव ‘आमची कोठेही शाखा नाही’ ठेवावं तसं.

बिनकामाचा बाजीराव (१०.१९)

हे नाव मी आत्ताच नोंदवून टाकतो.

काटेकोर (१०.५५)

ढोलताशांचा मुद्दा चुकीचा आहे, पण पेरूची फोड यांनी दिलेलं कारण पुरेसं नाही. बेरी हा नुसता ड्रमर नव्हता. या बँडच्या गाण्यांवर पहिल्यापासून चौघांचीही नावं गीतकार-संगीतकार म्हणून सारखी लागायची. त्यामुळे कुणी काय केलं हे बाहेरच्याला कळत नाही, पण मुलाखतींतून बरंच बाहेर आलं आहे. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ हे मूळ बेरीचं. ‘मॅन ऑन द मून’ची सुरुवातही त्याचीच. पहिल्या अल्बममधलं ‘परफेक्ट सर्कल’ही बहुतांशी त्याचं.

गंमत म्हणजे ‘एव्हरीबडी हर्ट्स’मध्ये ताल धरलाय एका स्वस्तातल्या ड्रम मशीनने. ड्रमरने गाणं लिहिलं आणि स्वतः जवळपास बाजूला बसला. तेव्हा १९९७ मध्ये तालाची जागा रिकामी झाली असं समजू नका. चाली लिहिणाऱ्या तिघांतला एक गेला.

कातरवेळ (११.०३)

@काटेकोर, हेच! हेच मला पंचवीस वर्षं नीट मांडता आलं नाही. मित्राला धाग्याचा दुवा पाठवतोय.

रावसाहेब१९६८ (११.४०)

चाल, चाल काय लावलंय? मुलीच्या खोलीतून हे लोक ऐकलेत मी. गायक काय म्हणतो ते कळत नाही. आमच्या वेळी शब्द ऐकू यायचे.

पेरूची फोड (सोम., पहाटे ४.३०)

रावसाहेब, तुम्ही एकटे नाही. इथल्या लोकांनाही कळत नव्हतं. पहिल्या अल्बमचं नावच ‘मर्मर’, म्हणजे पुटपुट. १९८३ मध्ये आला. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सोडताना मधले शब्द गिळतात ना, तसं गाणं. पण त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ या संगीताच्या नियतकालिकाच्या समीक्षकांनी तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवला, आणि बाजारात त्या वर्षी कोण होतं? मायकल जॅक्सनचं ‘थ्रिलर’.

शिवाय तो अल्बम शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये, मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या त्याच भागातल्या दोघांच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसला न जाता हे होऊ शकतं, हे तेव्हा फार जणांना पटलं नसतं.

मुखपृष्ठावर जी वेल सगळं गिळून बसलेली दिसते ती कुडझू. जपानकडून आणलेली, इथे मातीची धूप थांबवायला म्हणून सरकारनेच लावायला सांगितली, आणि आता झाडं, खांब, ओसाड घरं, सगळं तिच्याखाली. उन्हाळ्यात हायवेने जाताना नुसते हिरवे भुताचे आकार दिसतात. तो आवाजही तसाच आहे : आत काहीतरी उभं आहे, पण काय ते नीट दिसत नाही.

इंजिनीअरबाई (सोम., सकाळी ८.०५)

आपल्याकडचं गाजरगवत. तेही अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. फिट्टंफाट.

(अवांतर : वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य फार आवडलं.)

गोमंतकन्या (९.५०)

बाकी सगळे ड्रमवर बोलतायत, मला मॅन्डोलिनवर बोलायचंय. ‘लूझिंग माय रिलिजन’ आठवा. १९९१. रॉक बँड, आणि पुढे काय वाजतंय तर मॅन्डोलिन! पीटर बकने ते नवीन घेतलं होतं, घरी टीव्ही बघत बघत शिकत होता, शिकताना टेप चालू ठेवलेला. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर बाकी नुसती खुडबुड, आणि मध्येच हा तुकडा. त्या गाण्याला ठरावीक असं धृवपदही नाही. तरी अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

माझे थोरले काका मॅन्डोलिन वाजवत. गोव्यातून मुंबईला गेलेल्या त्या पिढीतले, हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत मागे बसणारे. मी कॉलेजात असताना हे गाणं त्यांना ऐकवलं. डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, ‘‘पोरगो शिकता आसा. पूण सोडचो ना ताणें.’’ तो शिकाऊच होता हे मला नंतर कितीतरी वर्षांनी कळलं. काकांना दोनदा ऐकून कळलं होतं.

निशाचर (१०.१२)

काकांना दंडवत.

कातरवेळ (१०.४०)

वा! क्या बात.

या गाण्यावरून आमच्या घरी झालेला प्रकार सांगतो. १९९२ ला मी अकरावीत. कॅसेट टेबलावर पडलेली. आजोबांनी चष्मा लावून मागची यादी वाचली आणि शांतपणे आईला विचारलं, ‘‘हा धर्म सोडतोय हे तुला माहीत आहे का?’’ मुंज होऊन सहा वर्षं झाली होती, संध्या मी पाचव्या दिवशीच सोडली होती, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

पेरूची फोड (सायं. ५.२०)

हा हा! पण आजोबांना सांगायला हवं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत तो जुना वाक्प्रचार आहे. धर्माशी संबंध नाही. ‘टाळकं फिरायची वेळ आली’, ‘आता माझा तोल सुटेल’ असा अर्थ. माझ्या ऑफिसातल्या एक वयस्क बाई प्रिंटर अडकला की म्हणायच्या. गाण्यात तो एकतर्फी प्रेमातल्या माणसाबद्दल आहे.

बिनकामाचा बाजीराव (५.३१)

एकतर्फी प्रेमावरून आठवलं. यांचंच १९८७ चं ‘द वन आय लव्ह’ मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मुलीला जाहीरपणे अर्पण केलं होतं. नाव ऐकून. बाकीचे शब्द मला कळले नव्हते, तिला कळले. ती कॉन्व्हेंटची होती.

काटेकोर (५.४४)

ते प्रेमगीत नाही हे स्टाइपनेच अनेकदा सांगितलं आहे. माणसं वापरून फेकणाऱ्याचं गाणं आहे. तरी अमेरिकेतही लोक रेडिओवर एकमेकांना अर्पण करायचे. तुम्ही एकटे नाही. त्या गाण्याने बँड पहिल्यांदा पहिल्या दहात गेला.

बिनकामाचा बाजीराव (५.४६)

तीस वर्षांनी मन हलकं झालं.

इंजिनीअरबाई (७.१५)

‘लूझिंग माय रिलिजन’च्या व्हिडिओबद्दल कुणीच कसं बोललं नाही? दिग्दर्शक तरसेम सिंग, जालंधरचा! स्टार टीव्हीवर एमटीव्ही नुकतं दिसायला लागलं होतं, केबलवाला गच्चीवर चढून छत्री फिरवायचा, आणि त्यात हा व्हिडिओ. अंधारी खोली, सांडणारं दूध, पंख लावलेला म्हातारा, बाण लागलेला संत आणि मध्येच आपल्या देवांच्या तसबिरीसारखी निळी-सोनेरी चौकट. मला तेव्हा वाटलं की अमेरिकन लोकांनी आमच्या वाण्याचं कॅलेंडर चोरलं. दिग्दर्शक कोण ते कळल्यावर उलगडा झाला. स्टाइपला साधा, स्थिर कॅमेऱ्याचा व्हिडिओ हवा होता, तरसेमला हिंदी सिनेमासारखा स्वप्नाळू, भडक. दोन्ही झालं. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सहा मिळाले, वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ धरून.

आणि स्टाइपचा तो नाच! लग्नाच्या वरातीत ज्या काकांना कुणी आग्रह केलेला नसतो, ते काका.

ढोलताशा (८.३०)

ठीक. बेरी संगीतकार होता हे मान्य. पण मग प्रश्न उलटा करतो. तो गेल्यावर दुसरा ड्रमर घेतला का त्यांनी?

काटेकोर (९.०२)

वाजवायला घेतले, सभासद म्हणून नाही. आधी जोई वॉरॉन्कर, पुढे बिल रीफ्लिन, जो शेवटपर्यंत होता. पण बँड म्हणजे तिघंच. सरकारी भाषेत, पद रिक्तच ठेवलं.

निशाचर (रात्री २.५०)

रिकामा वेळ मिळाला, आता लिहितो. माझं या बँडशी नातं तुमच्या सगळ्यांपेक्षा उलट्या बाजूने सुरू झालं. २००३ ते २००९ मी पुण्यात कॉल सेंटरला होतो. संध्याकाळी सातला गाडी न्यायला यायची, सकाळी सहाला सोडायची. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, आई बाहेर शेजारणींना हळू बोला म्हणून सांगायची, कुकरच्या शिट्ट्या बंद. सणावारी सगळं घर हसतंय आणि मी आत झोपेसाठी झगडतोय. त्या काळात एका सहकाऱ्याने ‘डेस्लीपर’ ऐकवलं. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाचं गाणं. वेगवेगळ्या देशांतल्या घड्याळांशी बांधलेला माणूस. १९९८ मध्ये कुणीतरी हे अमेरिकेत लिहून ठेवलेलं, आणि मी हडपसरच्या खोलीत पडदा लावून पडलेलो.

ते ‘अप’ या अल्बमवर आहे. बेरी गेल्यानंतरचा पहिलाच. कातरवेळ यांच्या म्हणण्याप्रमाणे थांबले असते तर हे गाणं झालंच नसतं. मला ‘मर्मर’ नसता तरी चाललं असतं. हे नसतं तर नसतं चाललं.

(रात्रपाळी सुटली, पण झोप अजून तशीच. म्हणून आयडी.)

गोमंतकन्या (मंगळ., सकाळी ७.३०)

@निशाचर, +१००. धागा इथेच संपवला तरी चालेल.

बिनकामाचा बाजीराव (८.००)

अजून प्रतिसादांची पन्नाशी नाही झाली, संपवू नका.

कातरवेळ (९.१५)

@निशाचर, मनापासून लिहिलंत, त्यावर वाद घालणं बरं दिसत नाही. पण घालतो. एका गाण्यावरून अल्बम ठरत नाही. ‘अप’ मी आला तेव्हाच घेतला होता. सुरुवातीलाच ते यंत्राचं घुंघुं, ड्रमच्या जागी टकटक, सगळं संथ, लांबलेलं. घरातलं कुणी गेल्यावर बाकीचे हळू आवाजात बोलतात तसा अल्बम.

निशाचर (११.४०)

मग तसंच तर झालं होतं ना घरात?

इंजिनीअरबाई (दु. १२.१०)

निशाचर यांना गुण.

मला व्यवहाराचं एक सांगायचंय. त्यांनी १९९६ च्या ऑगस्टमध्ये वॉर्नर ब्रदर्सशी नवा करार केला. बातम्यांत आकडा आला ८ कोटी डॉलर, पाच अल्बमसाठी. तेव्हा चौघं होते. सव्वा वर्षात बेरी गेला. आता गणित बघा. आय.आर.एस. या छोट्या कंपनीसाठी पाच अल्बम : मर्मर ते डॉक्युमेंट, १९८३ ते १९८७. वॉर्नरच्या पहिल्या करारात पाच : १९८८ चा ग्रीन ते १९९६ चा न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय. दुसऱ्या करारात पाच : अप, रिव्हील, अराउंड द सन, ॲक्सेलरेट आणि २०११ च्या मार्चमधला कोलॅप्स इंटू नाऊ. पाचवा दिला, त्यावर दौराही केला नाही आणि २१ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं की थांबलो.

पंधरा अल्बम, पाच-पाच-पाच. मला यात ना शोकांतिका दिसते ना रटाळपणा. घेतलेलं काम पुरं केलं आणि शटर ओढलं. आमच्या क्षेत्रात असा कंत्राटदार दाखवा, मी पाया पडेन.

रावसाहेब१९६८ (१.३०)

सगळे यांना ‘अल्टरनेटिव्ह’ रॉक म्हणतात. आठ कोटी डॉलर घेऊन हे ‘अल्टरनेटिव्ह’ कसे? पर्यायी कशाला पर्याय?

पेरूची फोड (सायं. ६.१०)

रावसाहेब, अखेर एक चांगला प्रश्न विचारलात. :)

माझ्या मते हे आपल्या प्रायोगिक रंगभूमीसारखं आहे. इथे विद्यापीठांची स्वतःची छोटी रेडिओ केंद्रं असतात, विद्यार्थीच चालवतात. मोठी केंद्रं जे लावायची नाहीत ते तिथे वाजायचं. यांची सुरुवात तिथली. पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला होता, स्टाइप दृश्यकलेचा विद्यार्थी, दोघांची ओळख त्या दुकानातच. म्हणजे छबिलदासच्या हॉलमधली मंडळी. फरक इतकाच की हे पुढे शिवाजी मंदिरात गेले, हाउसफुल्लचा बोर्ड लावला आणि संहिता फारशी बदलली नाही. ‘आउट ऑफ टाइम’ आणि ‘ऑटोमॅटिक’ या सर्वांत मोठ्या दोन अल्बमांनंतर दौराच केला नाही. कोणता व्यावसायिक निर्माता असं करू देईल?

‘आउट ऑफ टाइम’च्या सीडीच्या लांबट खोक्यावर इथे एक पोस्टकार्ड छापलेलं होतं. आपल्या सिनेटरला पाठवायचं, मतदार नोंदणी सोपी करा म्हणून. लोकांनी ढिगाने पाठवली, आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार म्हणून नोंदणी करता येईल असा कायदा १९९३ मध्ये झालाही. एकट्या खोक्यामुळे झाला असं नाही, पण तो कायदा गाजवण्यात त्याचा हात होता.

मालवणी मसालो (६.४०)

आमच्याकडे खोक्यांचो अर्थ वेगळो.

बिनकामाचा बाजीराव (६.४१)

संपादक येतील, धागा उडेल. खोकी बंद करा.

ढोलताशा (८.५५)

वरचं ‘चौघांची नावं सारखी’ हे वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. मी वीस वर्षांपूर्वी एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. गणपती-नवरात्रात चौदा-पंधरा कार्यक्रम. गायकाला पाकीट वेगळं, कीबोर्डवाल्याला वेगळं, आम्हा तालवाल्यांना सगळ्यांत शेवटी, आणि तेही मोजून घ्या म्हणत. एकदा मी मध्येच एक ठेका बदलला, तो लोकांना इतका आवडला की पुढे सगळ्या कार्यक्रमांत तोच. पैसे तेवढेच. तिसऱ्या वर्षी भांडण झालं. पैशावरून नाही, बॅनरवर कुणाचा फोटो केवढा यावरून. मग संपलंच.

या लोकांनी ते भांडण व्हायच्या आधीच मिटवून ठेवलं होतं. चौघांची नावं, चौघांना सारखे पैसे, आणि चौघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तरी ती गोष्ट करायची नाही. एकतीस वर्षं टिकले ते यामुळे, असं माझं आता मत झालंय. मी आधी जे पथकाचं लिहिलं ते मागे घेतो. पथकात माझं मत कुणी विचारत नाही.

कातरवेळ (९.२०)

@ढोलताशा, पण मग एकाने ‘मी जातो’ म्हटल्यावर तोच नियम का नाही लागला? चौघांत ठरलं होतं ना की एक गेला तरी बँड मोडायचा?

काटेकोर (९.५८)

ठरलं होतं. आणि बँड मोडला जाऊ नये ही अट कुणी घातली माहीत आहे? बेरीने. त्याने सांगितलं की माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही, राहतो. म्हणजे बाकीच्यांपुढे दोनच वाटा : त्याला मनाविरुद्ध रोजचा विमानप्रवास आणि गर्दीत ठेवायचं किंवा त्याच्याशिवाय चालू ठेवायचं. थांबण्याची तिसरी वाट त्यानेच बंद केली होती. तेव्हा ‘थांबायला हवं होतं’ हे म्हणणं बेरीच्या बाजूने आहे असं वाटतं, पण ते नेमकं त्याच्या विरुद्ध आहे.

स्टाइपची त्यावरची कोटी प्रसिद्ध आहे : तीन पायांचं कुत्रं हेही कुत्रंच असतं, फक्त त्याला पळायला नव्याने शिकावं लागतं.

गोमंतकन्या (१०.०५)

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे शेतात जाणाऱ्यानेच बाकीच्यांना कामाला लावलं.

निशाचर (१०.३०)

१९९५ चा तो सगळा दौराच विचित्र होता. बेरीचं डोकं, मग मिल्सची पोटाची शस्त्रक्रिया, मग स्टाइपचा हर्निया. आणि असल्या दौऱ्यात फिरता फिरता, कार्यक्रमाआधीच्या तालमींत आणि प्रत्यक्ष मंचावर ‘न्यू ॲडव्हेंचर्स’मधली कितीतरी गाणी ध्वनिमुद्रित केली. चौघांचा शेवटचा अल्बम. माझ्या मते सर्वांत चांगला, पण त्यासाठी वेगळा धागा लागेल.

इंजिनीअरबाई (१०.४४)

काढू नका. ‘ऑटोमॅटिक’ सर्वांत चांगला हे ठरलेलं आहे.

निशाचर (१०.४५)

कुणी ठरवलं?

इंजिनीअरबाई (१०.४५)

मी.

ढोलताशा (१०.५०)

त्या ‘एव्हरीबडी हर्ट्स’च्या व्हिडिओत सगळे ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि शेवटी गाड्या सोडून चालू लागतात. खंडाळ्याच्या घाटात मी दर रविवारी तो व्हिडिओ प्रत्यक्ष बघतो. फक्त कुणी चालू लागत नाही, वडापाव घेतात.

कातरवेळ (बुध., रात्री ११.३०)

दिवसभर गप्प होतो. कारण सांगतो, हसू नका.

निशाचर यांचा प्रतिसाद वाचून ‘अप’ची कॅसेट शोधली. खोक्याच्या तळाशी होती. प्लेअरमध्ये घातली. पहिली बाजू नीट वाजली, उलटली तर टेप आतल्या आत गुंतलेली. बोटाने सोडवायला गेलो तर तिथे एक जुनी चिकटपट्टी. तेव्हा आठवलं. ही १९९८ मध्येच अडकली होती. मी पेन्सिलने फिरवून बघितली, तुटली, चिकटवली, तरी बी बाजू चालली नाही. आणि मी तशीच ठेवून दिली. म्हणजे पंचवीस वर्षं मी ज्या अल्बमवरून भांडतोय तो मी अर्धाच ऐकलाय. ‘डेस्लीपर’ बी बाजूला आहे.

काल रात्री मुलीच्या फोनवर पूर्ण ऐकला. पहिला भाग अजूनही मला जडच जातो, ते मत बदललेलं नाही. पण उरलेल्यात ‘वॉक अनअफ्रेड’ आलं तेव्हा गच्चीवर गेलो, पुन्हा लावलं. मुलगी म्हणाली, बाबा हे कोण? मी म्हटलं, हे ते तीन पायांचं कुत्रं. तिला अर्थातच कळलं नाही. आणि एक बघितलं का, या अल्बममध्ये त्यांनी पहिल्यांदाच सगळे शब्द छापून दिले. इतकी वर्षं पुटपुटल्यावर. रावसाहेब, तुमच्यासाठी असणार.

मित्राला अजून काही सांगितलेलं नाही. तो हा धागा वाचतोय, त्यामुळे आता कळेलच.

बिनकामाचा बाजीराव (११.३३)

धागाकर्त्याने स्वतःच्याच धाग्यावर माघार घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग. तारीख लिहून ठेवा.

कातरवेळ (११.३८)

माघार नाही. ‘अराउंड द सन’ वाईट आहे यावर ठाम आहे.

काटेकोर (११.४१)

त्यावर पीटर बकसुद्धा तुमच्या बाजूने आहे.

पेरूची फोड (गुरु., पहाटे ५.००)

जून २०२४ चं कुणी बघितलं का? न्यूयॉर्कला गीतकारांच्या मानाच्या यादीत चौघांना घेतलं, त्या समारंभात चौघंही उभे राहिले आणि ‘लूझिंग माय रिलिजन’ वाजवलं. बेरी मागे, केस पांढरे. एकच गाणं. त्याच सुमारास टीव्हीवर विचारलं की परत एकत्र यायला काय लागेल, तर मिल्स म्हणाला, धूमकेतू. नवऱ्याने ते गाणं त्या आठवड्यात किती वेळा लावलं असेल! मी या वेळी गाडीत बसले नाही.

रावसाहेब१९६८ (सकाळी ९.१०)

बघितलं. शब्द कळले. बरं म्हणतो तो.

मालवणी मसालो (९.२५)

शेतकऱ्यान एक दिवस सुटी घेतली आसतली.

गोमंतकन्या (१०.००)

धाग्यामुळे काकांचं मॅन्डोलिन माळ्यावरून काढलं. आठपैकी तीन तारा तुटल्यात, खुंट्या गंजल्यात. म्हापशात एक दुकान होतं ते बंद झालंय. पुण्या-मुंबईत मॅन्डोलिनच्या तारा सुट्या कुठे मिळतील, कुणी सांगेल का?

ढोलताशा (१०.०४)

व्यनि (खासगी निरोप) केलाय.